शेरा लिहिण्यापूर्वी : जव्हार-मोखाड्याचे मूल आणि मानसशास्त्राची मूलतत्त्वे

(प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची विद्या, किंवा केवळ मनोरुग्णालयात उपयोगी पडणारे शास्त्र, असा समज अद्यापि पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः हे शास्त्र तुमच्याआमच्या रोजच्या वर्तनाचे आहे. माणूस काय पाहतो, काय शिकतो, काय विसरतो आणि कशासाठी धडपडतो, यांचा ते पद्धतशीर शोध घेते. १८७९ मध्ये जर्मनीतील लायपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुण्ट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून या शास्त्राचा स्वतंत्र संसार सुरू झाला असे मानतात. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये या विषयाचा विभाग निघाला. पुढे अध्यापक विद्यालयांच्या अभ्यासक्रमातून संवेदन, अध्ययन, स्मृती, प्रेरणा, बुद्धिमत्ता ही प्रकरणे गावोगावच्या शिक्षकांपर्यंत पोहोचली. बहुतेकांनी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि परीक्षेच्या दालनातच ठेवून ते बाहेर पडले.

शाळेच्या नोंदवहीतील शेऱ्याचा रकाना मात्र वर्षानुवर्षे भरला जात असतो. डोंगरी भागातील मुलांच्या वाट्याला त्या रकान्यात प्रायः दोन शब्द येतात : ‘मंद’ आणि ‘सुस्त’. पालकांसाठी तिसरा शब्द ठरलेला असतो, ‘बेफिकीर’. हे तीन शब्द शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहणे, एवढाच आजच्या विषयाचा हेतू आहे.

ज्या मुलखाविषयी बोलावयाचे, त्याचे स्वरूप येथील सेविकांना सांगण्याची गरज नाही. परंतु बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ तालुके होत. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला, त्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यात मोडत असत. १९४८ पर्यंत जव्हार येथे मुकणे घराण्याचे संस्थान होते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी यांचे हे पाडे. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो, आणि ते सारे पाणी उतारावरून निघून गेल्यामुळे चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी बायामाणसांची पायपीट होते. खाचरात भात, उतारावर नागली आणि वरई. सुगी सरली की पुष्कळशी कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांची वाट धरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला हादरा दिला. त्यानंतर या भागातील मुलाच्या पोटाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. त्याच्या मनाविषयी त्या मानाने फारच थोडे.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेव्हिन यांनी १९३६ मध्ये एक साधे सूत्र मांडले : वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंचे मिळून फलित असते. सूत्र साधे खरे, पण व्यवहारात ते पाळले जात नाही. स्वतःला उशीर झाला तर एस.टी. चुकली, आणि दुसऱ्याला उशीर झाला तर तो आळशी, असे आपण सहज म्हणून जातो. दुसऱ्याच्या वर्तनाचे खापर त्याच्या स्वभावावर फोडण्याच्या या प्रवृत्तीस ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत आरोपण-दोष’ असे नाव दिले. शेऱ्याचा रकाना हे या दोषाचे हक्काचे घर आहे.

प्रथम ‘मंद’ हा शब्द घेऊ. बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त कसोटी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये पॅरिस येथे तयार केली. तिचा उद्देश मुलांवर छाप मारणे हा नव्हता. कोणत्या मुलांना अधिक मदतीची गरज आहे हे शोधणे, हा होता. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी या कसोटीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. परकी कसोटी जशीच्या तशी येथे लागू पडत नाही, हे ओळखूनच हा उद्योग झाला. पुढे १९५५ मध्ये चं. मो. भाटिया यांनी निरक्षर मुलांनाही देता येईल अशी कृतिकसोटी बांधली. तीत ठोकळे जुळविणे, आकृती काढणे अशा कृतींवर भर आहे. म्हणजे शब्दांवर बेतलेली परीक्षा निरक्षर मुलावर अन्याय करते, हे भारतीय मानसशास्त्राने साठ-सत्तर वर्षांपूर्वीच मान्य केले होते.

मग प्रमाण मराठीतील प्रश्नाला पहिलीतले वारली मूल गप्प बसले, तर त्या मौनाचा अर्थ काय? त्याच्या घरची बोली वारली, शेजारच्या मुलाची कोकणा किंवा कातकरी. शाळेत त्याला एकाच वेळी भाषाही नवी आणि विषयही नवा. हा दुहेरी बोजा ठाण्या-पुण्याच्या मुलावर नसतो. तेच मूल शेवळांची भाजी काकडांबरोबर का शिजवावी लागते, नाहीतर घशाला खाज का सुटते, आणि कडूकंद खाण्याजोगे होण्यापूर्वी त्यांचे काय काय करावे लागते, हे बिनचूक सांगते. वर्गीकरण, क्रम, कार्यकारणभाव हे सारे त्या उत्तरात असते. फक्त ते पाठ्यपुस्तकात नसते.

१९६७ मध्ये गे आणि कोल या अभ्यासकांनी आफ्रिकेतील लायबेरिया देशातील क्पेले जमातीविषयी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. भांड्यात ठेवलेला तांदूळ किती मापे भरेल, असे विचारले असता निरक्षर क्पेले शेतकऱ्यांचा अंदाज अमेरिकी माणसांच्या अंदाजापेक्षा अधिक अचूक निघाला. भात पिकविणाऱ्या माणसाला भाताचे गणित येते, यात नवल ते काय! नवल आहे ते हेच की, शाळेच्या गणिताला त्या भांड्यापासून आरंभ करावा, हे अजूनही सुचवावे लागते.

चित्र पाहणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे. वेदन डोळ्यांचे असते, तर संवेदन म्हणजे त्या वेदनाला अर्थ लावणे, आणि अर्थ हा अनुभवातून येतो. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, टोकांना बाणाची शेपटे जोडलेल्या दोन समान रेषा लहानमोठ्या दिसण्याचा सुप्रसिद्ध भ्रम जगातील सर्व समाजांत सारख्या प्रमाणात होत नाही. काटकोनी घरे आणि फर्निचर यांत वाढलेल्यांना तो अधिक होतो, असा त्यांनी तर्क केला. वारली चित्र पाहा. तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे तेथे एकाच वेळी वरून आणि समोरून दिसते. दूरचे लहान, जवळचे मोठे, हा संकेत त्या चित्राने मानलेलाच नाही. अशा घरात वाढलेल्या मुलाला किंवा त्याच्या आईला आहाराच्या तक्त्यावरील चित्र ‘समजत नाही’ असे वाटले, तर आधी तक्ता समजावून द्यावा.

या दिशेने पहिले मोठे पाऊल शेजारच्याच डहाणू तालुक्यात पडले, ही अभिमानाची गोष्ट होय. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अनुताई वाघ यांच्या साथीने गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. माँटेसरींची महागडी साधने बाजूस ठेवून बिया, पाने, शंख-शिंपले आणि खडे यांवर मुले मोजू लागली. मुले येत नाहीत, याचा अर्थ त्यांना शिकण्याची इच्छा नाही, असा त्या दोघींनी लावला नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. त्याची पाळेमुळे या अंगणातील बालवाडीत आहेत.

आता दुसरा शब्द, ‘सुस्त’. याविषयी एका प्रयोगाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमार झालेल्या युरोपला अन्न कसे द्यावे हे ठरविण्यासाठी, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवले. १९४५ साली सहा महिने हा प्रयोग चालला. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने उतरले. हे सर्व तरुण सुशिक्षित आणि ध्येयवादी होते. परंतु काही आठवड्यांतच ते चिडखोर, उदास व निरुत्साही बनले. विनोदबुद्धी आटली, मित्रमंडळ नकोसे झाले, अभ्यासाची पुस्तके बाजूस पडून पाककृतींची पुस्तके हातात आली. लक्ष लागत नाही अशी त्यांची तक्रार असे. आणि तरीही बुद्धिमापनाच्या कसोट्यांत त्यांची घसरण दिसून आली नाही. बुद्धी शाबूत होती. ती कामास लावण्याची उमेद भुकेने खाल्ली होती.

सुदृढ प्रौढांची ही गत, तर सकाळी कोरा चहा घेऊन दोन-तीन किलोमीटर चालत आलेल्या आठ वर्षांच्या मुलाची काय असेल? तिसऱ्या तासाला ते पेंगत असेल तर शास्त्राच्या भाषेत त्याला शक्तीची काटकसर म्हणतात. शरीर ज्या गोष्टी टाळता येतील त्या टाळते, आणि खेळणे, विचारणे, हात वर करणे या टाळता येण्याजोग्या गोष्टी आहेत. सेविकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. जे बालक रडत नाही, त्रास देत नाही, ठेवावे तेथे बसून राहते, त्याला ‘गुणी’ म्हणण्याची रीत आहे. अशा गुणी बालकाचा दंडघेर आधी मोजावा.

दोन वर्षांच्या आतील बालकाची गोष्ट मात्र प्रौढांहून वेगळी, आणि अधिक गंभीर आहे. त्या वयात मेंदूची बांधणीच चालू असते. अन्नाची उणीव आणि बोलण्या-खेळण्याची उणीव ही दोन्ही तेथे खोलवर जातात. जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेल्या, ९ ते २४ महिने वयाच्या १२९ बालकांचा अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना दोन वर्षे पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्यास तासभर जाऊन, घरगुती खेळणी वापरून, आईला बाळाशी कसे खेळावे व बोलावे हे दाखवीत. काहींना दोन्ही मिळाले. आहारानेही विकास सुधारला, खेळानेही सुधारला. दोन्ही मिळालेल्यांची प्रगती सर्वाधिक झाली. ही मुले मोठी झाल्यावर, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांना लहानपणी खेळाची जोड मिळाली होती त्यांची कमाई तशी जोड न मिळालेल्या सोबत्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. अंगणवाडीत खिचडी वेळेवर शिजली की दिवसाचे काम झाले, असे मानणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. गाणे, गोष्ट, डबड्याचा खुळखुळा हे खिचडीइतकेच पोषण आहे.

शिकणे म्हणजे अनुभवामुळे वर्तनात घडणारा टिकाऊ बदल. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अन्नाबरोबर एखादा ध्वनी वारंवार ऐकविला की पुढे नुसत्या ध्वनीनेही त्याच्या तोंडाला पाणी सुटे. याला अभिसंधान म्हणतात. त्याचे प्रात्यक्षिक पाहण्यास प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. वजनाच्या दिवशी कोणत्याही पाड्यावर जावे. बाळाला झोळीत घालून काट्याला लटकविले की ते घाबरून किंचाळते. दोन-तीनदा असे झाले की काटा, काट्याची पिशवी आणि अखेर अंगणवाडीची ओटीसुद्धा त्याला भीतिदायक वाटू लागते. उपायही त्याच नियमात आहे. झोळी आदल्या दिवशी झोपाळ्यासारखी खेळायला द्यावी, आईने बाळाला तीत झुलवावे, आणि मग काटा अडकवावा.

आईलाही हाच नियम लागू आहे. चारचौघींत ‘तुझं पोर पुन्हा लाल रेघेखाली’ असे मोठ्याने सांगितले की ती शिक्षा ठरते. शिक्षेमुळे मुलाचे वजन वाढत नाही. आई मात्र पुढल्या महिन्यात येण्याचे टाळते. बी. एफ. स्किनर यांनी प्रबलनाचा जो सिद्धांत मांडला, त्याचे सार एवढेच की, ज्या कृतीमागून काही बरे घडते ती पुन्हा होते. पाव किलो वजन वाढल्याबद्दल एका आईचे चार शब्दांत कौतुक करण्यास अनुदान लागत नाही.

काही शिकणे तर बक्षीस-शिक्षेशिवायच होते. अल्बर्ट बांदुरा यांनी १९६१ पासूनच्या प्रयोगांतून दाखविले की, मुले दुसऱ्याचे पाहून शिकतात. मोखाडा-जव्हारच्या बोहाड्यात याहून सुंदर उदाहरण आहे. रात्रभर एकामागून एक सोंगे येतात, संबळाच्या ठेक्यावर नाचतात. जड मुखवटा डोक्यावर पेलून पाऊल कसे टाकावे, कोणत्या देवतेची चाल कशी, हे कोणी फळ्यावर लिहून शिकवीत नाही. कडेला बसलेली मुले पाहतात, दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याची सोंगे करून नाचतात, आणि काही वर्षांत खरा मुखवटा उचलतात. ज्यांना वर्गात ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खावी लागतात, त्यांचेच अवधान येथे पहाटेपर्यंत ढळत नाही. (अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मांडलेली गरजांची उतरंड पुष्कळांना तोंडपाठ असते : आधी अन्न, मग सुरक्षितता, मग पुढचे. पोटाला चिमटा घेऊन बोहाडा उभा करणारे पाडे पाहिले म्हणजे ती उतरंड जरा जपूनच वापरावी असे वाटते.)

स्मृतीविषयीचा एक निष्कर्ष या भागातील शाळांसाठी सोन्याच्या मोलाचा आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा आलेख काढला. पाठ केलेले प्रथम झपाट्याने विसरले जाते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. त्यांचा दुसरा निष्कर्ष मात्र क्वचितच सांगितला जातो : पूर्णपणे विसरल्यासारखे वाटणारे पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. काहीतरी बचत शिल्लक राहिलेली असते. दिवाळीनंतर भट्टीवर गेलेले मूल जूनमध्ये परतते तेव्हा त्याला ‘क’ची वेलांटीही आठवत नाही असे दिसते, आणि त्याला पुन्हा मुळाक्षरांच्या पहिल्या पानावर बसविले जाते. त्याऐवजी दोन-तीन आठवडे जुन्याची थोडी थोडी, रोजची उजळणी करून घ्यावी. बरेचसे परत येते. जे परत येत नाही, तेवढेच नव्याने शिकवावे.

राहिला ‘बेफिकीर’. पाड्यावरच्या माणसाला उद्याची चिंता नाही, हातात पैसा आला की खर्चतो, भट्टीमालकाची उचल घेऊन मोकळा होतो, अशी टीका शिकल्यासवरल्या मंडळींत नेहमी ऐकू येते. २०१३ मध्ये किड, पाल्मेरी आणि अ‍ॅस्लिन यांनी अमेरिकेत २८ लहान मुलांवर एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. समोरची मिठाई लगेच खाल्ली नाही, तर थोड्या वेळाने दुप्पट मिळेल असे मुलांना सांगितले. त्याआधी निम्म्या मुलांना दिलेला शब्द मोठ्या माणसाने पाळला होता, निम्म्यांना दिलेला मोडला होता. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. मोडलेला पाहिलेली ३ मिनिटे. प्रयोग लहान आहे हे खरे. परंतु पाड्यावरील अनुभवाशी तो जुळतो. धीर हा अनुभवाने शिकलेला हिशेब असतो. रोजगार हमीच्या कामाची मजुरी आठवड्यांनी लांबली आणि भट्टीची उचल आज हातात पडली, तर उचल घेणारा माणूस बेफिकीर नसतो. त्याने कोणाचा शब्द खरा ठरतो हे पाहिलेले असते. तो शब्द खरा करणे ज्या खात्यांच्या हाती आहे, त्यांनी त्याच्या स्वभावाची चर्चा नंतर करावी.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये ‘शिकलेली अगतिकता’ ही कल्पना मांडली : काही केले तरी उपयोग नाही असा अनुभव पुनःपुन्हा आला की प्राणी प्रयत्नच सोडतो. विशेष म्हणजे २०१६ मध्ये याच दोघांनी ती कल्पना जवळजवळ उलटी केली. संकटात स्तब्ध होणे ही प्राण्याची मूळची प्रतिक्रिया होय. आपल्या हातून काही घडते, ही जाणीव त्याला शिकावी लागते, असे त्यांनी मेंदूच्या अभ्यासावरून दाखविले. म्हणजे अगतिकता कशी काढून टाकावी, या प्रश्नाऐवजी या मुलाच्या हातून आज काय घडू द्यावे, असे शिक्षकाने विचारावे. रोपाला पाणी घालणे, हजेरी मोजणे, लहान भावंडाला वारली बोलीत गोष्ट सांगणे, यांतील काहीही चालेल.

आता पुन्हा शेऱ्याच्या रकान्याकडे. स्थलांतर करणाऱ्या मुलासोबत शिक्षण हमी पत्रक देण्याची आपल्या राज्यात तरतूद आहे. ते पाहून भट्टीजवळच्या शाळेने त्याला वर्गात घ्यावयाचे असते. त्या पत्रकावर ‘मंद’ असे लिहिले तर तेथील शिक्षकाला काही कळत नाही. ‘दिवाळीपर्यंत हजर. शंभरपर्यंत वस्तू मोजतो, अंक पन्नासपर्यंत ओळखतो. जोडाक्षरे अद्याप नाहीत. घरी कातकरी बोलतो, वर्गात कमी बोलतो, मित्राबरोबर विचारल्यास उत्तर देतो. सकाळी उपाशी येतो, जेवणानंतर चांगले काम करतो,’ असे लिहिले तर कळते. लिहिण्यास पाच मिनिटे अधिक लागतील. या वर्षी सुगी आटोपण्यापूर्वी, कुटुंबे निघण्याच्या आधीच, ती पत्रके भरून ठेवावीत.